समुद्रालगतच्या बागेतली ओपन जिम: काय टिकतं, काय नाही

ओपन जिमचे कॅटलॉग सगळीकडे सारखेच असतात. लातूरच्या बागेत वर्षानुवर्षं चालणारा एअर वॉकर (उभ्याने पाय पुढे-मागे झुलवायचं यंत्र) मरीन ड्राइव्हजवळ, वर्सोव्याला किंवा मालवणला बसवला की दोन पावसाळ्यांत त्याची रया जाते. मुंबईत तर कुलाब्यापासून माहीमपर्यंतची जवळपास प्रत्येक बाग खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात येते. म्हणून नगरपालिका, सोसायट्या आणि नगरसेवक निधीतून साहित्य घेणाऱ्यांसाठी हे परीक्षण. बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो: साध्या लोखंडावर पावडर कोटिंग (पूड फवारून भट्टीत भाजलेला रंग), हॉट-डिप गॅल्वनाइझ करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, वर पावडर कोटिंग, आणि स्टेनलेस स्टील. किनाऱ्यावर पहिला प्रकार घेऊच नका. पैशाच्या मानाने सर्वांत चांगला दुसरा. तिसऱ्यात फसवणूक सर्वांत जास्त होते.

पहिल्या प्रकाराचं मरण जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं. पावडर कोटिंग साधारण 60 ते 80 मायक्रॉनचं असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खांबाच्या बुडाशी झाडूचा दांडा, गवत कापायचं यंत्र किंवा एखादा दगड लागून ओरखडा पडतो. त्यातून खारं पाणी आत शिरतं आणि गंज रंगाखालून पसरत जातो. वरून रंग चकचकीत दिसतो, पण अंगठ्याने दाबलं की पापुद्रा दबतो आणि पान्याने ठोकलं की आवाज बद्द येतो. त्यात बेस प्लेट, म्हणजे खांबाच्या बुडाची बोल्ट लावायची पट्टी, पेव्हर ब्लॉकखाली गाडली असेल तर तिथे ओली माती बारा महिने अडकून राहते आणि बोल्टचे नट कधी खाल्ले गेले ते कळतही नाही. बेस प्लेट नेहमी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 50 ते 75 मिमी उंच काँक्रीटच्या ओट्यावर हवी. ओट्याला चारही बाजूंनी उतार द्यावा आणि नट उघडे, डोळ्यांना दिसतील असे ठेवावेत.

दुसऱ्या प्रकारात ‘जीआय’ (गॅल्वनाइझ्ड आयर्न) या शब्दावर विसंबू नका. जस्ताचा रंग फवारून त्यालाही जीआय म्हणतात. खरं हॉट-डिप म्हणजे तयार सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवलेला. आयएस 4759 या भारतीय मानकाप्रमाणे 2 ते 5 मिमी जाडीच्या पोलादावर दर चौरस मीटरला किमान 460 ग्रॅम जस्त लागतं, म्हणजे सुमारे 64 मायक्रॉन. माल उतरवताना दोन गोष्टी तपासा. एक, बंद पाइपांना जोडाजवळ छिद्रं आहेत का? हवा बाहेर पडायला आणि जस्त आत-बाहेर व्हायला ती ठेवावीच लागतात. बंद पाइपला छिद्रच नसेल तर तो जस्तात बुडालेलाच नाही. दोन, कोटिंग मोजायचा गेज लावा. जस्त आणि पावडर मिळून 120 मायक्रॉनच्या वर आकडा यायला हवा. 70 आला तर समजा, पावडरखाली काहीच नाही. जागेवर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगने तिथलं जस्त जळतं आणि गंजाची सुरुवात त्याच जोडातून होते. या प्रकारातला खरा दोष एकच: जस्तावर पावडर नीट धरत नाही, पृष्ठभाग आधी खडबडीत केला नसेल तर रंगाचे पापुद्रे सुटतात. दिसायला वाईट, पण खालचं पोलाद शाबूत असतं.

स्टेनलेसच्या प्रती आकड्यांनी ओळखतात, आणि 304 म्हणून हलकं 202 गळ्यात मारतात. चुंबक दोन्हींना फारसं चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची चाचणी इथे निकामी. शिवाय खरं 304 सुद्धा समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग धरतं. किनाऱ्याला 316 लागतं. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते ओळखायला थेंब टाकून तपासायचा किट मिळतो. आख्खं यंत्र 316 चं घ्यायची गरज नाही. हात लागतो त्या दांड्या आणि सगळे नट-बोल्ट 316 चे घ्या. स्टेनलेसचा बोल्ट जस्त लावलेल्या पोलादात बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश घाला, नाहीतर बोल्टभोवतीचं जस्त आधी झिजतं.

आता बेअरिंग. तक्रारी इथूनच सर्वांत जास्त येतात आणि निविदेत याबद्दल एक ओळही नसते. एअर वॉकरचं बेअरिंग पूर्ण फिरत नाही, पुढे-मागे झुलतं. त्यामुळे गोळ्या त्याच त्या जागेवर घासत राहतात, ग्रीस बाजूला सरतं आणि बारीक वाळू शिरली की खरखर सुरू होते. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे नंबरापुढे ‘2आरएस’ लिहिलेलं बेअरिंग मागा. उदाहरणार्थ 6205-2आरएस, 25 मिमीच्या शाफ्टसाठी, म्हणजे बेअरिंगमधून जाणाऱ्या दांड्यासाठी. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याचं झाकण, ते पाणी अडवत नाही. हौसिंगच्या, म्हणजे बेअरिंग बसतं त्या कप्प्याच्या, तळाला 6 मिमीचं भोक असावं, म्हणजे शिरलेलं पाणी निथळतं. टोकाची प्लॅस्टिकची टोपी हरवली की त्याच आठवड्यात बदला. बेअरिंग बदलताना ते धरून ठेवणारी कडी (सरक्लिप) काढून पुलरने बेअरिंग ओढा, शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पाण्याला दाद न देणारं मरीन ग्रीस भरा, मगच नवं बसवा. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग पहिल्या दिवसापासून जखमी असतं. आणि आवाज आला म्हणून जुनं इंजिन ऑइल ओतू नका. आवाज दोन दिवस थांबतो, मग वाळू आणि तेलाची लुगदी शाफ्ट खाते.

धुणं हे रंगकामापेक्षा महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात उघडा भाग आपोआप धुतला जातो. गंज लवकर धरतो तो जिथे पाऊस पोचत नाही तिथे: सीटच्या खालची बाजू, छपराखालचे खांब, फूटप्लेटची पाठ. ऑक्टोबर ते मे आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने या जागा खालून वर धुवा आणि फडक्याने पुसा. मात्र पाणी तपासा. किनाऱ्यावरच्या बागांत बोअरवेलचं पाणी बरेचदा मचूळ असतं आणि त्याने धुतलं की मिठावर मिठाचा थर बसतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 1000 च्या वर आकडा दिसला तर शेवटचा हात टँकरच्या पाण्याचा असू द्या.

खालचं रबरी फ्लोअरिंग अखंड ओतलेलंच घ्या. चौकोनी फरशांच्या कडा उन्हाने वळतात आणि मुलं अडखळतात. खालच्या काँक्रीटला 100 ला 1 उतार हवा. काँक्रीट ओलं असताना थर टाकला की महिन्याभरात फुगे येतात, म्हणून हे काम पावसाळ्यात करूच देऊ नका. वाऱ्याने आलेली वाळू रबराच्या छिद्रांत बसून पाणी तुंबतं. त्यावर उपाय ताठ केसांचा ब्रश आणि बेताचा फवारा, जोराचा फवारा दाणे उचकटतो.

शेजारी मुलांची खेळणीही असतात. घसरगुंडी फायबरची असेल तर दर सहा महिन्यांनी सुती कापड सरकवून पाहा. कापड अडकलं तर वरचा थर गेला आहे आणि आतले तंतू मुलांच्या मांड्यांत घुसतील. झोपाळ्याच्या साखळीतली फट 8.6 मिमीपेक्षा मोठी नको, बोटं अडकतात.

खरेदीच्या करारात हमी ‘गंजासह’ असं स्पष्ट लिहून घ्या, कारण अनेक हमीपत्रांत समुद्रकिनारी वापर वगळलेला असतो. सोबत प्रत्येक यंत्रामागे बेअरिंगचा एक जोड, टोप्या आणि रबरी बफर माल उतरतानाच मागा. दोन वर्षांनी त्याच मापाची टोपी त्याच पुरवठादाराकडेही सापडत नाही.