अकरा महिन्यांचा अनुभव: मर्यादित बजेटमधले एस्प्रेसो यंत्र आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही घरी एस्प्रेसो यंत्र (गरम पाणी दाबाने बारीक पुडीतून सोडून थोडी, दाट कॉफी काढणारे) घेतले, त्याला आता अकरा महिने होत आले. रोज सकाळी दोन कप आणि सुट्टीच्या दिवशी चार-पाच, या हिशेबाने आठशेच्या आसपास कप या यंत्रावर झाले असतील. विकत घेण्यापूर्वी मी जे काही वाचले ते बहुतेक पहिल्या आठवड्यातले अनुभव होते, आणि पहिल्या आठवड्यात ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात त्या सहाव्या महिन्यात तशा वाटत नाहीत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर मुलुंडला, वन बीएचके. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा मोकळी होती. सगळे मिळून 35,000 रुपयांच्या आत बसवायचे, असे ठरवले होते. मला दुधाची कॉफी लागते, नवऱ्याला कोरी, आणि दोघांनाही पावणेआठच्या सुमारास घराबाहेर पडावे लागते. या चार गोष्टींनीच अर्धी निवड करून टाकली. गॅजिया क्लासिकचा आम्ही बराच विचार केला. त्याचे 58 मिलिमीटरचे पोर्टाफिल्टर (पूड भरून यंत्राला लावायचा दांडीचा भाग) कॉफीच्या दुकानांतल्या यंत्रांच्या मापाचे आहे आणि बांधणीही मजबूत आहे, पण त्याचा बॉयलर आणि सगळे धातूचे भाग नीट तापायला पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात आणि किंमत आमच्या आवाक्याबाहेर जात होती. शेवटी डेलोंगीचे डेडिका ज्या गटात मोडते त्या गटातले, म्हणजे थर्मोब्लॉक असलेले, 51 मिलिमीटर पोर्टाफिल्टरचे अरुंद यंत्र 22,000 रुपयांना घेतले. थर्मोब्लॉकमध्ये पाणी साठवून तापवले जात नाही, तापलेल्या धातूतल्या बारीक नळीतून जाताना ते गरम होते, त्यामुळे बटण दाबल्यापासून मिनिटभरात यंत्र तयार असते. सकाळच्या घाईत हा गुण फार मोलाचा ठरला आहे.

खोक्यावर ठळक अक्षरांत '15 बार' लिहिलेले असते, त्याने मीही सुरुवातीला प्रभावित झाले होते. तो आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो याचा आहे. एस्प्रेसोला प्रत्यक्षात लागतो तो सुमारे 9 बार दाब, आणि तो दाब तयार होतो की नाही हे पंपापेक्षा जास्त अवलंबून असते ते दळलेली कॉफी पाण्याला किती अडवते यावर. ही एक गोष्ट मला आधी नीट समजली असती तर आमचे पैसे आणि दीड महिना वाचला असता.

झाले असे, की यंत्रासोबतच 7,000 रुपयांचा एक विजेवर चालणारा ग्राइंडर घेतला होता. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष त्या एका ग्राइंडरचा नसून त्या किमतीतल्या बहुतेक ग्राइंडरचा आहे: त्याच्यावरचे जाड-बारीक करण्याचे टप्पे एकमेकांपासून फार दूर होते. एका टप्प्यावर कपात उतरणारी 32 ग्रॅम कॉफी 14 सेकंदांत धो धो खाली यायची आणि आंबट लागायची. एकच टप्पा बारीक केला की 50 सेकंद झाले तरी थेंब थेंब गळत राहायची आणि जीभ तुरट व्हायची. जे हवे होते, म्हणजे 25 ते 30 सेकंद, ते या दोन टप्प्यांच्या मध्ये कुठेतरी होते आणि तिथे थांबण्याची सोय नव्हती. शिवाय दळण एकसारखे नसे. चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली तर पिठासारखी भुकटी आणि रव्यासारखे कण शेजारी शेजारी दिसायचे. भुकटीतून कडवटपणा उतरतो, जाड कणांतली चव आतच राहून जाते, आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येते. मी त्या काळात यंत्राचे तापमान बदलले, दाणे बदलले, टॅम्परवरचा (पूड दाबून सपाट करायच्या ठोकळ्यावरचा) जोर बदलला आणि कशानेही फरक पडला नाही, कारण बिघाड तिथे नव्हताच.

डिसेंबरात तो ग्राइंडर 4,000 रुपयांना विकला आणि 11,000 रुपयांना हाताने फिरवायचा किंग्राइंडर के6 घेतला. त्याच्या जाड-बारीक करण्याच्या कड्याची एक क्लिक म्हणजे 16 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक, आणि आमच्या घरी एका क्लिकने कॉफी उतरण्याचा वेळ साधारण दोन-तीन सेकंदांनी बदलतो. त्याच आठवड्यात यंत्रासोबत आलेली बास्केटही (पोर्टाफिल्टरमध्ये बसणारी, पूड धरणारी चाळणी) बदलली. या गटातल्या यंत्रांबरोबर सहसा दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या तळाला एकच अगदी बारीक छिद्र असते, त्यातून कॉफी जोराने बाहेर पडते आणि दळण कसेही असले तरी वर फेस दिसतो. तयार पूड वापरणाऱ्यांसाठी ती सोय योग्य आहे, पण चांगला ग्राइंडर आणून ती बास्केट तशीच ठेवली तर ग्राइंडरचे पैसे वाया जातात. साध्या, एकेरी तळाच्या बास्केटवर पहिल्या दिवशी कॉफी 19 सेकंदांत आली. तीन क्लिक बारीक केल्यावर 27 सेकंद लागले. यंत्र तेच, दाणे तेच, आणि नवऱ्याने पहिल्यांदाच साखर न घालता कप संपवला.

आता सकाळचा क्रम असा असतो. सोन्याचांदीच्या वजनासाठी असतो तसल्या, दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर 16 ग्रॅम दाणे मोजायचे. ते दळेपर्यंत रिकामे पोर्टाफिल्टर यंत्राला लावून एक कप गरम पाणी त्यातून सोडायचे, म्हणजे धातू तापतो आणि तेच पाणी कपात गेल्याने कपही तापतो. थर्मोब्लॉकच्या यंत्रात ही पायरी गाळली की कपातली कॉफी हमखास आंबट लागते. दळलेली पूड बास्केटमध्ये घातल्यावर बुचात खोचलेल्या पाच-सहा बारीक सुयांनी ती ढवळून गुठळ्या मोडायच्या, बोटाने हलके थोपटायचे आणि टॅम्पर सरळ धरून दाबायचे. जोर किती लावला यापेक्षा टॅम्पर वाकडे झाले नाही ना, हे महत्त्वाचे आहे. पाणी नेहमी सोपी वाट शोधते आणि एका बाजूला पूड सैल राहिली तर सगळे पाणी तिथूनच पळते. तळ उघडा असलेले पोर्टाफिल्टर वापरले तर हे डोळ्यांनी दिसते: सगळे नीट जमले असेल तेव्हा सहाव्या-सातव्या सेकंदाला जाळीच्या तळावर सगळीकडून गडद थेंब फुटतात, मध्याकडे सरकतात आणि त्यांची एकच शेपटीसारखी धार होते, आधी काळपट तांबडी, मग हळूहळू मधाच्या रंगाची. जमले नसेल तर एखादी बारीक चिळकांडी थेट मागच्या टाइल्सवर उडते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि महिनोन्महिने 27-28 सेकंदांवर स्थिरावलेली कॉफी अचानक 33 सेकंदांवर गेली. दाणे त्याच पाकिटातले होते. फरक होता तो हवेत. दाणे दमट हवेतले पाणी शोषतात, आणि मुंबईत पावसाळ्यात उघडे पाकीट दोन दिवस ओट्यावर राहिले तरी पुरते. आम्ही दोन क्लिक जाड केल्यावर वेळ ताळ्यावर आला, पण आठवड्याभरात वास उतरू लागला. तेव्हापासून नवीन पाकीट उघडले की 16-16 ग्रॅम दाणे छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. सकाळी एकच बाटली काढायची आणि दाणे थेट दळायचे. एकदा काढलेली बाटली उघडून पुन्हा आत ठेवायची नाही, नाहीतर दाण्यांवर पाणी धरते. पावसाळ्यातली दुसरी खबरदारी म्हणजे ओला चोथा आणि खालचा ट्रे रोजच्या रोज धुणे. शनिवारी घाईत राहिलेल्या चोथ्यावर सोमवारी पांढरी बुरशी पाहिली आहे.

दाण्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. चिकमंगळूर आणि कूर्गचे ताजे भाजलेले दाणे मुंबईत दोन-तीन दिवसांत घरपोच येतात आणि पाकिटावर भाजल्याची तारीख असते. तारीख नसलेले पाकीट एस्प्रेसोसाठी घेऊ नये. भाजल्यानंतर सात ते दहा दिवस दाणे मुरू दिले तर धार स्थिर येते, कारण सुरुवातीला त्यांतून कार्बन डायऑक्साइड खूप निघत असतो. फार हलके भाजलेले दाणे या जोडीला झेपत नाहीत. ते कठीण असल्याने दळताना खांदा दुखतो आणि त्यांना लागणारे स्थिर, जास्त तापमान आमचे यंत्र देऊ शकत नाही. मध्यम ते गडद भाजलेले उत्तम. आमच्या घरी सर्वांत चांगले जमले ते मान्सून्ड मलबार. पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्यात हे दाणे मुद्दाम फुगवले जातात, त्यांचा आंबटपणा जवळजवळ जातो आणि दुधात त्यांची चव दबत नाही. काही पाकिटांत कापी रॉयल या नावाचा, धुऊन प्रक्रिया केलेला उत्तम प्रतीचा रोबस्टा मिसळलेला असतो. त्याने वरचा थर दाट येतो, मात्र रोबस्टात अरेबिका जातीच्या कॉफीपेक्षा कॅफीन जवळपास दुप्पट असते, म्हणून संध्याकाळी तो टाळावा.

दुधावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. दूध फेसाळण्यासाठी ते फ्रीजमधले थंड लागते, म्हणजे 60-65 अंशांपर्यंत पोचायला वेळ मिळतो आणि तेवढ्यात फेस बारीक होतो. सासूबाईंना ते पटेना. "अगं, न तापवलेलं दूध कसं पोटात घालता तुम्ही?" असे त्यांनी दोन-तीनदा विचारले. पिशवीतले दूध पाश्चराइज केलेले असते हे सांगूनही त्यांचे समाधान झाले नाही, तेव्हा तापवून गार केलेले दूधही वापरून पाहिले. साय बारीक गाळणीने पूर्ण काढली तर तेही चालते. साईचा एक तुकडा राहिला तरी फेसात गुठळ्या येतात. फुल क्रीम दुधाचा फेस रेशमी येतो, टोन्डचा हलका आणि लवकर बसणारा. या यंत्राची वाफ मात्र कमजोर आहे: एका कपाचे दूध तापायला जवळजवळ मिनिट लागते, आणि वाफेनंतर लगेच दुसरी कॉफी काढायची तर आधी पाणी सोडून यंत्र निववावे लागते, नाहीतर कॉफी करपट लागते. चार पाहुण्यांना कॅपुचिनो द्यायचा तर अर्धा तास ओट्याशी उभे राहण्याची तयारी हवी, आणि चार वेळा हाताने दळायचीही.

हाताने दळण्याबद्दल मला बरेच जण विचारतात. 16 ग्रॅमला मिनिट-सव्वा मिनिट लागतो. माझी मनगटे थकत नाहीत, सासूबाईंना मात्र ते फिरवता येत नाही, आणि घरात कुणाला सांधेदुखी असेल तर हा ग्राइंडर घेऊ नये. आमच्यासाठी मोठा लाभ आवाजाचा आहे. विजेचा ग्राइंडर सकाळी सहाला लावला की बाहेरच्या खोलीत झोपलेले मूल उठत असे. आता उठत नाही.

दोन गोष्टी दुकानदार सांगत नाहीत. पहिली विजेची: यंत्र 1,300 वॅटचे आहे, म्हणजे 230 व्होल्टवर साडेपाच अँपिअरहून थोडे जास्त. ओट्यावरचा 6 अँपिअरचा साधा प्लग त्याच्या काठावर येतो आणि त्याच एक्स्टेंशनवर मिक्सर असेल तर प्रश्नच नाही. 16 अँपिअरचा पॉइंट वापरावा. परदेशातून नातेवाईक आणणार असतील तर अमेरिकेतले 120 व्होल्टचे यंत्र आणू नये. दुसरी पाण्याची. महापालिकेचे पाणी तलावांचे असल्याने मृदू असते आणि यंत्रात क्षार हळू साठतात, पण मे महिन्यात सोसायटीत टँकर आले तेव्हा चित्र बदलले. बोअरच्या पाण्याने तीन आठवड्यांत कॉफी उतरण्याचा वेग मंदावला. आता उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी तीन महिन्यांनी लिंबूसत्वाच्या पाण्याने यंत्र साफ करते, नंतर दोन टाक्या साधे पाणी सोडते. या यंत्रात उरलेला दाब बाहेर सोडणारी झडप नाही, त्यामुळे कॉफी झाल्यावर पोर्टाफिल्टर लगेच फिरवून काढले तर ओला चोथा अंगावर उडतो. अर्धा मिनिट थांबायचे.

खर्चाचे सांगायचे तर पहिला ग्राइंडर धरून, त्याचे परत आलेले पैसे वजा करून आणि काटा, टॅम्पर, दुधाचा जग मिळून 39,000 रुपये गेले. थेट योग्य ग्राइंडर घेतला असता तर 36,000 मध्ये झाले असते. 250 ग्रॅमचे पाकीट साधारण 550 रुपयांना येते, त्यात 15 कप, म्हणजे कपामागे 36-37 रुपयांचे दाणे. त्यात दर नव्या पाकिटाचे पहिले एक-दोन कप जाड-बारीक जुळवण्यात जातात, हे गृहीत धरावे.

घरात सगळेच कोरी कॉफी पिणारे असतील तर मी हे यंत्र सुचवणार नाही. पिकोप्रेसो किंवा फ्लेअरसारखे हाताने दाब देणारे साधन आणि हाच ग्राइंडर घेतला तर पैसे कमी लागतील आणि कपही डावा राहणार नाही. फक्त दाट दुधाची कॉफी हवी असेल तर मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारे भांडे) पुरते. त्यात दाब एक-दोन बारच असतो, ती एस्प्रेसो नव्हे, पण माटुंग्याहून ताजी दळून आणलेली पूड त्यात फार सुरेख उतरते आणि आमच्याकडे रविवारी दुपारी अजूनही तेच भांडे शेगडीवर असते. ज्यांना दोन्ही हवे आहे आणि रोज पंधरा मिनिटे द्यायची तयारी आहे, त्यांनी आधी ग्राइंडर ठरवावा आणि उरलेल्या पैशांत जे यंत्र बसेल ते घ्यावे. आमच्या ग्राइंडरवर सध्या पावसाळ्याचेच दोन क्लिक जाड ठेवले आहेत. हवा कोरडी झाली की ते परत घ्यावे लागतील.