वुडटर्निंग क्लबात दीड वर्ष : लेथ घ्यायच्या आधी क्लबात जा

इंग्लंडात राहणाऱ्या आणि लाकडात हात घालायची इच्छा असलेल्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. बकिंगहॅमशायरमधल्या एका छोट्या वुडटर्निंग क्लबात, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून कातणाऱ्यांच्या क्लबात, मी गेलं दीड वर्ष जातेय. क्लबाचं नाव देत नाही कारण खाली तक्रारीही आहेत आणि माणसं चांगली आहेत, आणि तसंही इकडे बऱ्याच भागांत असा एखादा क्लब असतोच, बहुतेकांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

माझं माहेर सावंतवाडीचं. लाखेची लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या चितारआळीतून शाळेत जायचे तेव्हा लेथवर फिरणारं लाकूड, त्यावर टेकवलेली लाखेची कांडी आणि बघता बघता चढणारा लाल रंग हे रोज बघितलेलं, पण आपण स्वतः कधी करू असं डोक्यात नव्हतं. इथे आल्यावर लॉकडाऊननंतर कधीतरी व्हिडिओ बघत बसायची सवय लागली, मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तातला हत्यारांचा सेट मागवला, एक छोटा लेथ भाड्याने आणला आणि गॅरेजमध्ये सुरू केलं. तिसऱ्याच दिवशी सिकॅमोर झाडाच्या लाकडाचा आठ इंची ठोकळा चकमधून, म्हणजे लेथवर लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून, सुटला आणि भिंतीवर जाऊन आदळला. मी सुदैवाने बाजूला उभी होते. हातातल्या गाउजची (पन्हळीसारखं कातायचं हत्यार) दांड्यात शिरणारी शेपटी वाकली होती. मी दोन आठवडे गॅरेजचं दार उघडलं नाही. काय चुकलं ते कळत नव्हतं, व्हिडिओत तर सगळं लोण्यासारखं कापलं जात होतं.

मग क्लबात गेले. महिन्यातला दुसरा गुरुवार, संध्याकाळी साडेसात, व्हिलेज हॉल. वर्षाची वर्गणी ४५ पौंड आणि दर मीटिंगला चहा धरून ३ पौंड, पहिल्या दोन वेळा फुकट. समोर लेथ, वर कॅमेरे, दोन मोठे टीव्ही, आणि बाहेरून बोलावलेला एखादा डेमोन्स्ट्रेटर दोन तास काहीतरी करून दाखवतो. मध्ये चहा, बिस्किटं, लाकडाच्या तुकड्यांची लॉटरी, आणि एका टेबलावर ज्याने त्याने महिन्याभरात केलेलं आणून मांडायचं. चांगलं झालेलं मांडायचं तसं बिघडलेलंही मांडायचं, हे मला सगळ्यात आवडलं. एकाने तळ फुटलेला बाउल आणला होता आणि अर्धा तास सगळे त्याच्याभोवती उभे राहून तो कुठे आणि कसा फुटला यावर बोलत होते.

पुढच्या एका मीटिंगला मी पण माझं वाकलेलं गाउज पिशवीतून नेलं. एक ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ आहेत, फाउंड्रीत पॅटर्नमेकर (ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे) होते, त्यांनी ते हातात घेतलं आणि एकच विचारलं, बाउल करत होतीस का? हो म्हटलं. मग त्यांनी समजावलं ते असं की हे हत्यार रफिंग गाउज, ते लाकडाचे धागे लेथच्या लांबीच्या दिशेने असतात तेव्हाच वापरायचं, म्हणजे खांब, पाय, लाटणं असल्या कामाला. बाउलचा ठोकळा आडवा लावलेला असतो त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा धाग्यांची टोकं समोर येतात, हत्याराला दणका बसतो, आणि या गाउजची शेपटी बारीक असते ती तो दणका घेऊ शकत नाही. बाउलसाठी बाउल गाउज, ते अख्ख्या गोल सळईतून बनवलेलं असतं. दुसरा प्रश्न, स्पीड किती होता? दोन हजार, मी म्हटलं. ते गप्प झाले. मग एका पानावर लिहून दिलं : इंचात व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये यायला हवं. म्हणजे दहा इंची ठोकळ्याला ६०० ते ९००. आणि ठोकळा वाकडातिकडा असेल तर त्याहूनही कमी, आणि सुरू करताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. ते पान मी लेथच्या वर चिकटवलंय.

महिन्यातून एका शनिवारी हँड्स-ऑन, म्हणजे स्वतः करून बघायचं सत्र असतं, सहा लेथ, प्रत्येक नवख्यामागे एक अनुभवी माणूस. या एका गोष्टीसाठी वर्गणीच्या तिप्पट दिले असते. कारण हे काम डोळ्यांनी शिकायचं नाहीच. हत्यार आधी रेस्टवर (लेथवरची आधाराची पट्टी) टेकवायचं, मग बेव्हलची, म्हणजे धारेमागच्या उताराची, मागची बाजू लाकडावर नुसती घासू द्यायची, कापायचं नाही, आणि मग दांडा हळूहळू वर उचलायचा तसं कुठल्यातरी क्षणी ढलपी निघायला लागते. तो क्षण टीव्हीवर दिसत नाही. माझ्यामागे उभ्या बाईंनी (क्लबात आम्ही दोघीच) माझ्या कोपराला दोन बोटं लावली आणि दांडा कमरेला टेकव, हात नको हलवू, अंग हलव एवढंच सांगितलं, आणि जे तीन महिने जमत नव्हतं ते त्या सकाळी जमलं. आवाजही बदलतो, खरखर जाऊन सळसळ येते, आता मी तर आवाजावरच जास्त विसंबते.

धार लावणं हा दुसरा मोठा विषय. नवं विकत घेतलेलं हत्यार धारदार असतं हा माझा गैरसमज होता, तो सेट तर मुळातच चुकीच्या कोनात घासलेला होता. क्लबात आठ इंची ग्राइंडर आणि हत्यार ठरलेल्या कोनात धरणारी जिग आहे, तिथे मार्करची युक्ती शिकले : बेव्हलवर मार्करने रंग द्यायचा, हाताने चाक फिरवून हलकेच टेकवायचं आणि शाई कुठून गेली ते बघायचं. टोकाची गेली तर कोन बोथट, मागची गेली तर निमुळता, सगळी एकसारखी गेली की बरोबर. दर पाच-दहा मिनिटांनी धार लावतात इकडे लोक, आणि मी एकाच धारेवर अख्खा बाउल काढायला बघत होते, म्हणून पॉलिश पेपरने घासून घासून हात दुखायचे.

लाकूड जवळजवळ फुकट मिळतं. अ‍ॅशच्या झाडांना जो बुरशीचा रोग लागलाय, इथे २०१२ मध्ये सापडला तो, त्यामुळे रस्त्याकडेची अ‍ॅश खूप तोडली जातायत आणि कुणीतरी ट्रेलर भरून क्लबात आणतंच. वाईट वाटतं बघून, पण लाकूड सुंदर. ओलं असतं म्हणून दोनदा कातायचं. दहा इंची बाउल असेल तर पहिल्यांदा भिंत एक इंच जाड ठेवायची, म्हणजे व्यासाचा दहावा भाग, कारण वाळताना तो अंडाकृती होणारच आणि पुन्हा गोल करायला जागा हवी. मग त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून ठेवायचा, दर महिन्याला किचनच्या काट्यावर वजन करायचं आणि पेन्सिलीने त्याच्यावरच लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळला. माझ्या जिन्याखाली सध्या अशा अकरा पिशव्या आहेत.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर : धूळ. हँड्स-ऑनच्या दिवशी सहा लेथवर एकाच वेळी घासकाम सुरू झालं की हॉलमध्ये धुकं होतं आणि पहिले आठ महिने तिथे एकही फिल्टर नव्हता. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते हे पक्कं सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा पहिला गट, त्यात. जुनी माणसं म्हणायची चाळीस वर्षं करतोय काही झालं नाही. मला हे अजिबात पटलं नाही आणि मी कमिटीला पत्र लिहिलं, दोन मीटिंगमध्ये उभं राहून बोलले, शेवटी छताला टांगायचा एक फिल्टर घेतला त्यांनी. एक पुरत नाही. तुम्ही गेलात तर तोंडाला घट्ट बसणारा मास्क स्वतःचा न्या, कापडी नको, आणि चेहऱ्यावर शील्ड. बायकांनी ओढणी, लांब बाह्या, लांब मंगळसूत्र हे सगळं घरी ठेवून जा, केस घट्ट बांधा, आणि फिरत्या लेथवर हातमोजे कधीच नाही, गुंडाळले गेले तर हात आत ओढला जातो.

दुसरी तक्रार, सुरुवातीला फार परकं वाटतं. जुने लोक ठरलेल्या खुर्च्यांवर ठरलेल्या लोकांशेजारी बसतात, पहिल्या मीटिंगला माझ्याशी चहावाल्या काकांखेरीज कुणी बोललं नाही. डेमोन्स्ट्रेटर तुम्हाला सगळं येतं असं धरून चालतात. हातात काहीतरी घेऊन जा, मोडलेलं असलं तरी चालेल, मग माणसं आपणहून येतात. आणि जानेवारीत हॉल गारठलेला असतो, दोन स्वेटर घाला.

लेथ मी शेवटी क्लबातूनच घेतला. एक सभासद वारले, त्यांच्या पत्नीला गॅरेजमधल्या सामानाचं काय करायचं कळेना, तर कमिटीतल्या दोघांनी जाऊन प्रत्येक वस्तूची रास्त किंमत लावली आणि मीटिंगमध्ये विकून सगळे पैसे त्यांना दिले. १५० पौंडांना मला तो लेथ मिळाला. बेडच्या कडेला त्यांच्या अक्षरात पांढऱ्या पेन्सिलीने पट्ट्याच्या प्रत्येक खाचेसमोर स्पीड लिहिलेत. मी ते पुसत नाही. चक घेताना मात्र स्पिंडलचे, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याचे, आटे तपासा, इकडच्या लहान लेथचा दांडा बऱ्याचदा पाऊण इंचाचा, इंचाला १६ आटे असतो, मोठ्यांचा ३३ मिलिमीटरचा, एकाचा चक दुसऱ्याला नुसता बसत नाही.

हा भागच मुळात कातकामाचा. चिल्टर्नच्या बीचच्या जंगलात बसून खुर्च्यांचे पाय कातणारे बॉजर लोक गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत होते, ते पाय हाय विकमच्या कारखान्यांत जायचे. आमच्यातला एक जण उन्हाळ्यात जत्रेला पोल लेथ आणतो. पायाने पट्टी दाबायची, दोरी लाकडाला फिरवते, वरची लवचिक काठी ती परत ओढते, म्हणजे लाकूड एकदा इकडे एकदा तिकडे फिरतं आणि कापायचं फक्त अर्ध्या फेऱ्यात. माझी आजी सांगायची आळीतही वीज येण्याआधी असंच, एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने हत्यार धरायचं. मी तो लेथ चालवून बघितला आणि मांडीत गोळे आले तरी उतरावंसं वाटेना.

लाखेचं सांगायचं राहिलं. एका डेमोत शेवटी त्यांनी फ्रिक्शन पॉलिश म्हणून काहीतरी फडक्याने लावलं आणि वास आला तशी मी ताठ बसले, तो आळीतला वास होता. शेलॅक म्हणजे आपली लाखच, झारखंडकडच्या झाडांवरच्या किड्यांची. पुढच्या वेळी मी भावाने पाठवलेल्या रंगीत कांड्या नेल्या आणि फिरत्या लाकडावर कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून कशी पसरते ते दाखवलं. ब्रश नाही, वाळायला थांबायचं नाही. केवड्याचं पान नव्हतं त्यामुळे शेवटची झळाळी आली नाही, पण चाळीस-चाळीस वर्षं हे काम करणारी माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली होती. आता सेक्रेटरींनी मला पूर्ण संध्याकाळ दिलीय, ऑक्टोबरची.

पॅटर्नमेकर काकांबरोबर मी गेल्या हिवाळ्यात सिकॅमोरचं लाटणं केलं, अन्नाला वास लागत नाही म्हणून इकडे भांड्यांना तेच लाकूड वापरतात. ते विचारत होते मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं कशाला, सरळ का नको? मी टेबलावर पीठ नसताना हातानेच दाखवलं की जोर एका बाजूला दिला की चपाती आपोआप फिरते, त्यासाठी ते पोट लागतं. त्यांनी कॅलिपरने माझ्या घरच्या लाटण्याची सात ठिकाणची मापं घेऊन वहीत उतरवली.

नवं लाटणं मे महिन्यात सावंतवाडीला आईसाठी घेऊन गेले. तिने चार चपात्या लाटल्या, लाटणं कपाळासमोर धरून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "लाटना बरा आसा गो, पण मधी जाड झाला हा, जरासा काढून हाड." (हाड म्हणजे आण.) लेथने लाकूड पकडलं होतं त्या दोन्ही टोकांवरच्या सेंटरच्या खुणा मी मुद्दाम घासून टाकल्या नव्हत्या, त्यामुळे पुन्हा लेथवर तस्संच चढेल. येत्या शनिवारी नेतेय.