जॉगिंगनंतर भरून आलेल्या पायांसाठी फोम रोलर घ्यावा का?

जॉगिंग नव्याने सुरू केले की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या भरून येतात, आणि फोम रोलर घेण्याचा सल्ला देणारे कोणी ना कोणी भेटतेच. ठाण्यात राम मारुती रस्त्याच्या परिसरातील एका दुकानातून मी असा रोलर हजार रुपयांच्या आत घेतला. तो दिसायला लहानशा लोडासारखा आहे. लांबी 33 सेंटीमीटर, व्यास सुमारे 14 सेंटीमीटर, आत प्लास्टिकची पोकळ नळी आणि तिच्यावर ईव्हीए नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या फोमचा जाड थर. फोमवर उथळ खाचा आहेत, टोकदार उंचवटे नाहीत. संपूर्ण शरीराचा भार टाकला तरी तो दबून चपटा होत नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू.

पोटरीसाठी त्याचा वापर सोपा आहे. जमिनीवर बसून पाय लांब करावेत, रोलर पोटरीखाली घ्यावा, तळहात मागे टेकून कंबर किंचित उचलावी आणि घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या अलीकडेपर्यंत सावकाश पुढे-मागे सरकावे. दाब वाढवायचा असेल तर दुसरा पाय वर टाकावा. एका पायाला मिनिटभर पुरते. जिथे विशेष ठणकते तिथे काही क्षण थांबून पाऊल वर-खाली हलवले की ताण सैल होताना स्पष्ट जाणवतो. गुडघ्याच्या मागची खोबण आणि नडगीचे हाड मात्र टाळावे.

हा आराम खरोखर रोलरमुळे मिळतो, की दुखणे तसेही ओसरतच असते, हे पाहण्यासाठी काही दिवस मी उजवीच पोटरी रोलरवर घेतली आणि डावी तशीच ठेवली. रोलरवरून उठल्यावर उजव्या पायाची टाच जमिनीला सहज टेकत असे, पाऊल मोकळे पडत असे, आणि दाबून पाहिल्यास त्या बाजूचा हुळहुळेपणा कमी वाटे. हा फरक अर्धा-पाऊण तास टिके. दुखणे पूर्णपणे थांबायला मात्र दोन्ही पायांना सारखाच वेळ लागला. एकाच माणसाच्या दोन पायांवरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, हे खरे. पण या विषयावरील अभ्यासांतही रोलरचा परिणाम माफकच आढळला आहे, त्यामुळे माझा अनुभव फारसा वेगळा नसावा.

रोलरच्या खोक्यावरचा एक दावा मात्र मला मान्य नाही. रोलर फिरवल्याने स्नायूंत साठलेले लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर निघते, असे त्यावर छापले आहे. धावल्यानंतर वाढलेले लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचे शरीरातील रूप, तास-दीड तासात आपोआप पूर्वपदावर येते. ही वेदना मात्र 12 ते 24 तासांनी डोके वर काढते आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच अशा वेदनेचा संबंध स्नायूंच्या आतील सूक्ष्म इजेशी जोडला होता. पुढे 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रेडमिलवरील एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण स्नायू दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट फारसे वाढले नाही, तरी त्यांचे स्नायू चांगलेच दुखले.

ठाणेकरांना याचा पडताळा घरबसल्या नव्हे, पण घराजवळच घेता येतो. उपवन तलावाकाठच्या सपाट रस्त्यावर हळूहळू धावणारा नवखा माणूस येऊरचा चढ चढून धावतच खाली आला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्यांचा पुढचा भाग चढापेक्षा उतारामुळेच अधिक दुखतो, कारण उतरताना स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलत असतो. म्हणूनच अशा दिवशी ठाणे स्थानकाच्या पुलाचा जिना चढता येतो, पण फलाटावर उतरताना कठडा धरावा लागतो. सुरुवातीचे काही आठवडे सपाटीवर, मध्ये मध्ये चालत धावणे आणि एक दिवसाआड विश्रांती घेणे, हे कोणत्याही रोलरपेक्षा अधिक उपयोगी आहे. त्याच अंतराची सवय झाली की स्नायू स्वतःच सावरतात आणि पुढच्या वेळी तेवढे दुखत नाहीत.

मांडीच्या पुढच्या भागासाठी पालथे पडून, कोपरांवर भार घेऊन रोलर फिरवावा लागतो. नवख्या माणसाचे हात आणि पोटाचे स्नायू यात लवकर थकतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूवर तर तो इतका टोचतो की तिथे जोर लावू नये, असेच माझे मत आहे.

काही दुखण्यांवर रोलर फिरवूच नये, आणि ही सूचना खोक्यावर ठळकपणे हवी होती. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखत असेल, एकच पोटरी सुजून लाल व गरम झाली असेल, किंवा अतिश्रमानंतर तीव्र वेदनेसोबत लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला असेल, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

एवढे लक्षात ठेवून घेतला, तर हा रोलर पैसे वसूल करतो. सकाळी धावून आल्यावर दिवसभर कार्यालयात बसणाऱ्यांना तो घडीभराचा आरामही मोलाचा वाटेल. लांबी मात्र माझ्या रोलरपेक्षा थोडी जास्त, 45 सेंटीमीटरची निवडावी. 33 सेंटीमीटरच्या रोलरवरून दोन्ही मांड्या एकाच वेळी नीट फिरत नाहीत, एक पाय सारखा कडेवरून घसरतो.