थॉमस दाखवायचाय, पण कोणता? जुना, मधला की नवा, आणि सोबत आणखी दोन गाड्या

एप्रिल लागला की नागपुरात दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. कूलर सुरू, खिडक्यांना पडदे आणि समोर टीव्ही किंवा टॅब. अशा घरात तीन-चार वर्षांचं गाडीवेडं पोर असेल तर आज ना उद्या ते थॉमसपाशी, म्हणजे थॉमस नावाच्या बोलक्या निळ्या इंजिनाच्या टीव्ही मालिकेपाशी, येतंच. मग आईबाबांना कळतं की थॉमस एक नाही. त्याच नावाचे, दिसायला वेगळे आणि स्वभावानेही वेगळे असे निदान तीन थॉमस आहेत. शिवाय चगिंग्टन आणि डायनोसॉर ट्रेन या गाड्यांच्या आणखी दोन मालिका आहेतच. ओळखीच्या आया मला विचारतात, यातलं लावायचं कोणतं? आमच्या घरी या सगळ्या गाड्या येऊन गेल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मूल तीन ते सहा वर्षांचं असेल आणि घरात गोष्ट सांगणारं एखादं मोठं माणूस असेल, तर जुना थॉमस लावा. बाकीच्यांनाही त्यांची त्यांची जागा आहे, तीही सांगते.

जुना थॉमस : 1984 पासूनचा, खऱ्या मॉडेल्सचा

या मालिकेचं मूळ एका आजारपणात आहे. इंग्लंडमधले पाद्री विल्बर्ट ऑड्री यांचा मुलगा ख्रिस्तोफर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोवर येऊन अंथरुणाला खिळला होता. त्याला रमवायला वडील इंजिनांच्या गोष्टी रचून सांगत. त्यांचं पहिलं पुस्तक 1945 साली आलं आणि थॉमसचं नाव असलेलं 1946 साली. जवळजवळ चाळीस वर्षांनी ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी त्या गोष्टी टीव्हीवर आणल्या. दिग्दर्शक होते डेव्हिड मिटन. इंजिनांची मॉडेल्स खरीखुरी, रुळांवर धावणारी. धूर खरा. डोळे रिमोटने इकडेतिकडे फिरायचे, पण तोंड हलायचं नाही. इंजिन रागावलं की आधीचा चेहरा काढून रागावलेला चेहरा बसवायचे.

सगळी पात्रं एकच माणूस बोलायचा. पहिल्या दोन पर्वांत बीटल्सचा रिंगो स्टार, पुढे मायकेल अँजेलिस. आपल्या घरांसाठी मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ओठ हलत नाहीत आणि संवादांची आतषबाजी नाही, त्यामुळे आवाज बंद करून तीच गोष्ट आपल्या भाषेत सांगता येते. तीही अशी, की चित्र आणि शब्द कुठेही भांडत नाहीत. माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. आमच्याकडे गॉर्डन नावाचं ते मोठं निळं एक्स्प्रेस इंजिन आबांच्या तोंडून बोलतं, "काहून बे पोट्ट्या, मले झोपू देशीन का नाही?" पहिल्या भागात छोटा थॉमस दमून झोपलेल्या गॉर्डनला शिट्टी मारून उठवतो, तो हा प्रसंग. पुढे गॉर्डन एक्स्प्रेस घेऊन निघतो, मागे जोडलेल्या थॉमसला सोडवायचं राहून जातं आणि थॉमसची पार दमछाक होते. त्या वेगाच्या जागी आबा एकेक स्टेशन घेतात, बुटीबोरी, सिंदी, सेवाग्राम, वर्धा, आणि पोरगा त्यांच्याआधी पुढचं नाव सांगतो. सोडॉर हे मालिकेतलं बेट इंग्लंड आणि आईल ऑफ मॅन यांच्यामध्ये कल्पिलेलं आहे, पण गाडी वर्ध्याला थांबते याचं आमच्या घरात कुणाला नवल वाटत नाही.

आवाज बंद करताना एक नुकसान मात्र होतं. माइक ओडॉनेल आणि ज्युनिअर कॅम्पबेल यांनी प्रत्येक इंजिनाला स्वतःची धून दिली आहे आणि ती फार सुरेख आहे. म्हणून पहिल्यांदा आवाजासकट बघावं, दुसऱ्यांदा आपण सांगावं. भाग जेमतेम पाच मिनिटांचा असतो, दोनदा बघून होतो.

आता या गोष्टी इतकी वर्षं का टिकल्या, तिकडे वळते. ऑड्रींना रेल्वेची मनापासून ओढ होती आणि त्यांच्या कितीतरी गोष्टी रेल्वेत खरोखर घडलेल्या प्रसंगांवर बेतलेल्या आहेत. त्यामुळे तिथे संकट येतं ते यंत्रामुळे किंवा इंजिनाच्या स्वभावामुळे. जेम्स हे लाल इंजिन एका भागात डबे इतके जोरात हिसडतं की ब्रेकच्या पाइपाला भोक पडतं. गाडी जागीच थांबते आणि हलायचं नाव घेत नाही. शेवटी एका प्रवाशाच्या बुटाची चामडी नाडी आणि वर्तमानपत्राचा कागद पाइपाला करकचून बांधतात, तेव्हा कुठे गाडी निघते. हा भाग लागला की आबा गोष्ट थांबवून समजावतात: व्हॅक्यूम ब्रेकमध्ये पाइपातली हवा ओढून काढलेली असते, भोक पडलं की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. आपल्याकडच्या गाड्यांनाही वर्षानुवर्षं हेच ब्रेक होते. चार वर्षांच्या मुलाला यातलं निम्मं कळतं. उरलेल्या निम्म्यासाठी तो तोच भाग परत लावायला सांगतो.

मुलं एकच भाग पुन्हा पुन्हा बघतात याची आयांना काळजी वाटते. या मालिकेत तरी ती करू नका. पुढे काय होणार हे माहीत असणं हाच त्यांचा आनंद आहे, आणि इथलं "पुढे काय" कारणाला धरून असतं. घाई केली म्हणून रुळावरून घसरला, हट्ट केला म्हणून अडकला. ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने स्वमग्न मुलं आणि थॉमस यांच्या नात्यावर अभ्यास करवून घेतला होता. त्यात पालकांनी सांगितलेल्या कारणांत स्थिर आणि स्पष्ट चेहरे, शांत पार्श्वभूमी आणि सोपं कथानक ही कारणं होती. तुमचं मूल गोंगाटाने बिथरणारं असेल तर एवढ्यावरूनही निवड सोपी होईल.

या थॉमसची खटकणारी बाजूही आहे. तिसऱ्या भागात हेन्री हे हिरवं इंजिन पावसाने रंग खराब होईल म्हणून बोगद्याबाहेर यायला तयार होत नाही. मग साहेब, म्हणजे सर टॉपहॅम हॅट, त्याच्यासमोर भिंत बांधून त्याला आतच कोंडतात. भाग तिथेच संपतो. हळव्या मुलाला रडू येतं. त्यामुळे हा भाग कधीच एकटा लावू नका, लगेच चौथाही लावा. चौथ्यात गॉर्डन ऐन एक्स्प्रेसला बंद पडतो, एडवर्ड या दुसऱ्या इंजिनाला एकट्याने ती गाडी ओढवत नाही, हेन्रीला बाहेर काढतात आणि दोघं मिळून गाडी पोचवतात. शिवाय या पर्वांत महत्त्वाची इंजिनं जवळपास सगळी पुरुषी. ॲनी आणि क्लॅराबेल या दोघी थॉमसच्या मागे जोडलेले डबे. मुलगी असलेल्या घरात हे जाणवतं, आणि जाणवायला हवंच.

आणखी एक खबरदारी. मॉडेल्सचा काळ बराच लांबला, पण 2004 पासूनच्या पर्वांत गोष्टी साच्यात जायला लागल्या. थॉमस तीच चूक तीनदा करतो आणि शेवटी माफी मागतो. पहिली सात पर्वं घ्या, त्यातही पहिली चार आधी.

मधला थॉमस : 2009 ते 2020, संगणकावरचा

इथे तोंडं हलतात आणि प्रत्येकाला वेगळा आवाज मिळतो. निवेदक राहतो, पण दुय्यम होतो. म्हणजे आबांची खुर्ची इथे निम्मी रिकामी होते. भाग दहा मिनिटांच्या आसपास. सुरुवातीची पर्वं मला कंटाळवाणी वाटली. 2013 च्या सतराव्या पर्वापासून मुख्य लेखक म्हणून अँड्र्यू ब्रेनर आले आणि गोष्टींना पुन्हा रेल्वेचा वास यायला लागला. सतरा ते एकवीस ही पर्वं शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला बिनधास्त दाखवा.

आपल्यासाठी यातली खास पाहुणी म्हणजे आशिमा. 2016 च्या द ग्रेट रेस या चित्रपटात आलेलं हे भारतीय इंजिन निलगिरी पर्वतीय रेल्वेच्या एक्स वर्गातल्या इंजिनांवर बेतलेलं आहे आणि अंगभर रंगीत नक्षी मिरवतं. निलगिरीच्या चढावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकवत गाडी वर चढते. मुलाला आशिमा आवडली की हे जरूर सांगा. 2018 मध्ये केनियाची निया आणि रिबेका मुख्य चमूत आल्या, त्यासाठी एडवर्ड आणि हेन्री मागे सरले. त्यावरून जुने चाहते नाराज झाले. मला निया आवडली. एडवर्ड गेल्याचं मलाही वाईट वाटलं.

नवा थॉमस : ऑल इंजिन्स गो, 2021 पासूनचा

हा सपाट, द्विमितीय कार्टून. थॉमस इथे लहान मुलगा आहे, उड्या मारतो, गाणी म्हणतो, रुळावर वाकतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना ते रंग आणि ती गाणी फार आवडतात, हे मी पाहिलं आहे. ब्रुनो नावाचा स्वमग्न ब्रेकडबा 2022 मध्ये यात आला, ते चांगलंच झालं. पण इंजिनाला वजनच राहिलेलं नाही. जे हवेत उडी मारू शकतं त्याला रुळाची, ब्रेकची, चढावाची अडचण कशी येणार? आणि अडचण नसेल तर गोष्ट कशाची? मी हा निवडणार नाही. ज्याला रेल्वेचं वेड नाही, नुसतं गमतीचं काही हवं आहे, त्याला चालेल.

चगिंग्टन

2008 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली ही मालिका. विल्सन, ब्रूस्टर आणि कोको ही तीन शिकाऊ इंजिनं. चालक नाहीत, ती स्वतःच धावतात, आणि डेपोतल्या ध्वनिक्षेपकावरून त्यांना सूचना मिळतात. थॉमसच्या बेटावर वाफेची सद्दी, तर इथे डिझेल, वीज, वाफ सगळं एकत्र नांदतं. मेट्रो आणि वंदे भारत बघत वाढणाऱ्या आजच्या नागपूरच्या मुलाला कोको जास्त ओळखीची वाटते, कारण ती वेगवान गाडी आहे. सूचना नीट ऐका, एकमेकांना मदत करा, हे धडे सरळ मिळतात. सौम्य आहे, कुणाला बोगद्यात कोंडत नाहीत. मात्र चालक, फायरमन, गार्ड, सिग्नलवाला ही माणसं नसल्यामुळे रेल्वे चालवतं कोण, हे मुलाला कळत नाही. आमच्या घरात तेवढ्यावरूनच ती मागे पडली. आबांना तिच्यात बोलायला जागाच सापडेना.

डायनोसॉर ट्रेन

2009 ची अमेरिकी मालिका, जिम हेन्सन कंपनीची. बडी हा छोटा टी-रेक्स टेरानोडॉन या उडणाऱ्या प्राण्यांच्या कुटुंबात वाढतो आणि गाडीने बोगद्यांतून वेगवेगळ्या युगांत जातो. गाडी इथे निमित्तमात्र, खरा विषय प्राणी. बडी आधी अंदाज बांधतो आणि मग तो तपासून बघतो, ही सवय फार छान लागते. मुलाला गाडी आणि प्राणी यांत प्राणी जास्त आवडत असतील तर हीच घ्या आणि त्याला सांगा की डायनोसॉरचे अवशेष आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही सापडले आहेत.

मग कुणी काय लावावं

अडीच वर्षांपर्यंत खरं तर काहीच नाही लावलं तरी चालतं. तीन ते पाच, आणि घरात आजी-आजोबा किंवा वेळ काढू शकणारे आईबाबा असतील, तर जुना थॉमस, एका बैठकीत दोन भाग. मोठ्यांना सोबत बसणं शक्य नसेल तर चगिंग्टन जास्त सुरक्षित, कारण तिथे अर्धवट ठेवून घाबरवणारं काही नाही. सहाच्या पुढे मधल्या थॉमसची उत्तरार्धातली पर्वं. दोन भावंडांत धाकटं नव्या थॉमससाठी रडत असेल तर थोडा वेळ त्याचाही द्या, मोठं मूल आपणहून जुन्याकडे वळतं.

चौथं पर्व दाखवाल त्या आठवड्यात मुलाला कामठी रोडवरच्या मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात घेऊन जा. त्या पर्वात स्कार्लोई, रेनियस, सर हँडल ही नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांवरची, छोटी इंजिनं येतात. ती वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर बेतलेली आहेत. 1951 मध्ये ही रेल्वे बंद पडायच्या बेतात असताना स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, आणि त्या स्वयंसेवकांत ऑड्री स्वतः होते. मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 2002 साली सुरू झालं. सातपुड्यातून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या आपल्या अडीच फुटी रुळांवरची, बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली इंजिनं आणि डबे तिथे मांडलेले आहेत. इंजिनाच्या चाकाला मूल हात लावू शकतं, दट्ट्या चाकाला कुठे जोडला आहे ते बोटाने दाखवू शकतं. तिथून जवळच गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार थर एकाच जागी दिसतात. चगिंग्टनवाल्या मुलांसाठी ती जागा उत्तम. सकाळी लवकर जा आणि पाण्याची बाटली मोठी घ्या. वेळा आणि सुट्टीचा वार निघण्याआधी विचारून घ्या, म्हणजे बंद फाटकापाशी रडारड होणार नाही.