मशीनवर '२० टन', आत ६३ मिलिमीटरचा सिलिंडर

नाशिक परिसरातले वखारवाले, हॉटेलवाले आणि शेतकरी सध्या लाकूड फोडायच्या हायड्रॉलिक मशीनची, म्हणजे पंपाने सिलिंडरात दाबलेल्या तेलाच्या जोरावर पाचर लाकडात घुसवणाऱ्या मशीनची, चौकशी करत फिरतायत. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की मजूर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातो आणि कुऱ्हाड-घण चालवणारा माणूस मिळता मिळत नाही. चुलीवरची मिसळ करणाऱ्यांना मात्र फोडलेलं, वाळलेलं सरपण रोज लागतं. ही अडचण हेरून काही विक्रेते गिऱ्हाइकं गाठतायत. मला ज्याने गाठलं त्याने कसं फसवलं, ते सविस्तर सांगतो.

माझी दिंडोरी रोडला जळाऊ लाकडाची वखार आहे. मला विकलेल्या मशीनवर लाल अक्षरांत '२० टन' रंगवलेलं होतं, म्हणजे पाचर २० टनांच्या जोराने रेटणार. तीन एचपीची मोटार, आठ सेकंदांत पाचर शेवटपर्यंत, गाठीची बाभूळसुद्धा फुटणार, असं तोंडी सांगितलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहून पाठवलं. प्रात्यक्षिक त्यांच्याच शेडमध्ये झालं. सुबाभळीचे सरळ, आखूड तुकडे मांडून ठेवलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडाला आधीच तडा गेलेला. ते फटाफट फुटले. "माझ्याकडची बाभूळ आणतो, ती फोडून दाखवा," म्हटल्यावर लगेच, "शेठ, बुकिंग फुल आहे, हा रेट आजच्यापुरताच." पैसे फर्मच्या नव्हे, एका माणसाच्या बचत खात्यावर घेतले. बिलावर फक्त 'लाकूड फोडणी मशीन, एक नग'. टन नाही, सिलिंडरचं माप नाही, पंपाचा नंबर नाही.

वखारीत पहिलाच बाभळीचा ओंडका लावला. पाचर बोटभर रुतली आणि थांबली. मोटार गुरगुरतेय, तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा १५० बारवर (बार हे दाबाचं माप) अडकलाय, ओंडका जागच्या जागी. फोन केला तर म्हणे लाकूड ओलं आहे. वाळलेलं लावलं तर म्हणे फारच वाळलंय.

मग त्यांचा माणूस आला. त्याने रिलीफ व्हॉल्व्हचा लॉकनट सैल करून स्क्रू आवळला, "आता बघा ताकद," म्हणाला आणि निघून गेला. हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. रिलीफ व्हॉल्व्ह असतो तो दाब हद्दीबाहेर गेला की तेल टाकीत परत सोडायला. तो आवळल्यावर होस पाइप जोडाजवळ फुगला आणि तेलाचा बारीक फवारा उडायला लागला. आमचा पोऱ्या हाताने चाचपायला निघाला होता, त्याला ओरडून मागे खेचलं. त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत मांस सडायला लागतं आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट किंवा हात जातो. गळती शोधायचीच असेल तर लांबून पुठ्ठा धरा, आणि कुणाला तेल टोचलंच तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठा.

अंबड एमआयडीसीत हायड्रॉलिक दुरुस्ती करणारा माझा मित्र आहे. त्याने सिलिंडर उघडून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावली. बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६३ मिलिमीटर! मग पाटीवर हिशेब मांडला. ६.३ सेंटिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. १५० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५३ किलो. गुणाकार केला की पावणेपाच टन. याच सिलिंडरातून २० टन काढायचे तर सव्वासहाशे बारच्या वर दाब लागेल. अशा मशीनवरचा गिअर पंप साधारण दोनशे-अडीचशे बारचा असतो.

"आणि आठ सेकंद?" मी विचारलं. "ते खरंच होते रे भाऊ," तो म्हणाला, "सिलिंडर बारीक म्हणून तर पाचर पळते." २०० बारवर खरे २० टन हवे असतील तर बोर ११२ मिलिमीटरच्या आसपास लागतो. अर्ध्या मीटरच्या स्ट्रोकला, म्हणजे पाचर एका फेरीत जेवढी सरकते तेवढ्या अंतराला, त्यात जवळपास पाच लिटर तेल जातं. तीन एचपीची मोटार त्या दाबाला मिनिटाला साडेसहा लिटरच्या आसपासच तेल ढकलू शकते. म्हणजे पूर्ण जोर लावत गेलं तर पाऊण मिनिट. दोन टप्प्यांचा पंप असेल तर पाचर रिकामी असताना पळते, पण लाकडाला टेकून दाब चढला की हळू होतेच. तीन एचपी, २० टन आणि आठ सेकंद हे तिन्ही एकत्र सांगणारा खोटं बोलतोय, हे मशीन न बघताही कळतं.

सिलिंडर न उघडता अंदाज घ्यायचा तर त्याला शिंप्याची टेप गुंडाळा. माझ्या मशीनचा घेर २६ सेंटिमीटर भरला. ३.१४ने भागलं की बाहेरचा व्यास ८.३, आणि बोर त्याहून कमीच असणार. विक्रेत्याकडून बोर, स्ट्रोक, पंपाचा सीसी (एका फेऱ्यात तो किती तेल ढकलतो) आणि रिलीफ किती बारला लावलाय, हे बिलावरच लिहून घ्या. प्रात्यक्षिकाला आपल्या वखारीतला सगळ्यात गाठाळ ओंडका न्या. चालवायचा दांडा हातातून सोडला की पाचर थांबते का, तेही बघा. माझ्या मशीनची थांबत नव्हती.

पैसे परत मागितले तेव्हा ऐकवलं, "धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही." हेही अर्धसत्य. २०१९च्या कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरायला स्वतः वापरायची म्हणून घेतलेली वस्तू चालते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि विक्रेता बाहेरगावचा असला तरी आपल्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी नाशिकच्या आयोगात तक्रार दिली आहे. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो '२० टन'चा मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद आणि व्हर्नियर लावलेल्या बोरचे फोटो जोडलेत. तुमच्याकडे असं मशीन येऊन पडलं असेल तर कुणालाही उघडू देण्याआधी त्याचा चालू स्थितीतला व्हिडिओ काढा, गेजचा काटा आणि अडकलेला ओंडका एकाच चौकटीत दिसतील असा. कारण सिलिंडर एकदा उघडला की विक्रेता म्हणतो, तुम्हीच बिघडवलात.