बागेतल्या तळीसाठी ईपीडीएम रबराचे अस्तर

बागेत छोटी तळी करायची म्हटले की गोव्यात गवंडी प्रथम सिमेंटचा सल्ला देतो. सिमेंटची तळी चांगली होऊ शकते. परंतु खालचा भराव पावसाळ्यात थोडा जरी खचला तरी तिला केसभर भेगा पडतात आणि त्या नेमक्या कुठे आहेत हे शोधणे जिकिरीचे होते. म्हणून फोंडा तालुक्यातील आमच्या बागेत कमळे आणि गप्पी माशांसाठी तळी खोदली, तेव्हा पाणी झिरपू नये म्हणून 1 मिलिमीटर जाडीचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे अस्तर निवडले. आज त्याविषयी माझे मत निःसंशय अनुकूल आहे.

बाजारात स्वस्त पर्याय पुष्कळ आहेत. ताडपत्री तात्पुरत्या कामाची. पीव्हीसीचे अस्तर सुरुवातीला मऊ असते, पण काठावर ऊन लागत राहिले की कडक होऊन तडकते. महाराष्ट्रातील शेततळ्यांमुळे सर्वांना परिचित असलेला 500 मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) एचडीपीई या प्लास्टिकचा कागद मात्र खरोखर भक्कम आहे, आणि त्याच्यासाठी आयएस 15351 हे भारतीय मानकही आहे. मोठ्या, सरळ उताराच्या तळ्यासाठी मीही तोच घेण्यास सांगेन. लहान, वळणदार तळीत तो ताठपणामुळे बसत नाही. कोपऱ्यांत घड्या उभ्या राहतात, त्यांत गाळ साचतो, आणि जोड द्यायचा तर गरम हवेचे यंत्र लागते.

रबराचे तसे नाही. ते तासभर उन्हात पसरून ठेवले की नरम पडते आणि कुंड्यांसाठी कोरलेल्या पायऱ्यांवर हाताने दाबत नेले की त्यांचा आकार धरते. माप काढताना लांबी आणि रुंदी या दोहोंत खोलीची दुप्पट आणि काठासाठी दोन्ही बाजूंना 30 सेंटिमीटर मिळवावे. म्हणजे 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल तळीला 4.8 बाय 3.8 मीटरचा अखंड तुकडा लागतो. त्याचे वजन वीस किलोच्या वर जाते, तेव्हा अंथरायला निदान तीन माणसे हवीत. किंमत एचडीपीईच्या कितीतरी पट आहे, हा त्याचा मोठा दोष.

तथापि अस्तर कोणतेही असो, आपल्याकडे त्याचा खरा शत्रू तळाशी असतो. जांभा फोडला की त्याला धारदार कंगोरे येतात आणि पाण्याच्या भाराखाली तेच अस्तरात रुततात. खड्ड्याच्या प्रत्येक भागावरून तळहात फिरवून टोचणारे खडे काढावेत, वर बारीक वाळू पसरावी आणि मग जाड जिओटेक्स्टाइल (न कुजणारे कृत्रिम धाग्यांचे कापड) घालावे. पैसे वाचवण्यासाठी गोणपाट किंवा जुन्या गोधड्या घालतात, पण त्यांना वाळवी लागते व त्या कुजून जातात. बांबूचे बेट जवळ असेल तर जागाच बदलावी, कारण त्याचे कोंब रबरही भेदतात.

दुसरी गोष्ट पावसाची. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात सखल जागी भूजल इतके वर येते की ते अस्तराला खालून ढकलते आणि तळी रिकामी असल्यास अस्तर फुगून वर येते. म्हणून साफसफाई मे महिन्यापर्यंत उरकावी, पावसाळ्यात तळी उपसू नये, आणि खोदतानाच तळाखालून उताराकडे खडीचा चर काढून ठेवावा. काठ जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवून त्यावर चिरे बसवले की तांबडे पाणी आत येत नाही आणि रबरही झाकले जाते.

खरेदी करताना एक चौकशी अवश्य करावी. म्हापशातील एका दुकानात आम्हाला छपरासाठीचे ईपीडीएम ‘तेच आहे’ असे सांगून दाखवले गेले. छपरासाठीच्या काही प्रकारांत माशांना अपायकारक द्रव्ये असू शकतात; त्यामुळे माल जलचरांसाठी सुरक्षित असल्याचे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. खनिज तेलाने हे रबर फुगून खराब होते, म्हणून काठावर डांबर लावू नये आणि पंपाचे तेल व रॉकेल त्यापासून दूर ठेवावे.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरू लागले की अस्तर फाटल्याची शंका येते. अशा वेळी बादलीत तळीचेच पाणी भरून ती पायरीवर, काठ पाण्याबाहेर राहील अशी ठेवावी आणि आतली व बाहेरची पातळी खडूने खुणावी. चार दिवसांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरलेल्या दिसल्या, तर पाणी केवळ उन्हाने आटले आहे. बाहेरची अधिक उतरली असेल तरच अस्तर तपासावे.