अंधारात उजळणारी पट्टी : खानापुरातील जिन्यावरचा अनुभव

बेळगावच्या खडेबाजारातील एका दुकानातून आणलेली, अंधारात उजळणारी हिरवी पट्टी आम्ही खानापुरातील घराच्या जिन्यावर लावली आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर तिची खरी पारख झाली. पूर्वी अशा पट्ट्यांत वापरल्या जाणाऱ्या तांबेयुक्त झिंक सल्फाइडची चमक लवकर विझत असे. ही पट्टी मात्र स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची आहे. जपानी संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या या पदार्थात युरोपियम या धातूचे आयन (विद्युतभारित अणू) सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतात, तर सोबत थोडेसे मिसळलेल्या डिस्प्रोशियम या दुसऱ्या धातूमुळे उजेडातून मिळालेली ऊर्जा अडकवून ठेवणाऱ्या जागा, म्हणजे ‘सापळे’, वाढतात आणि खोलीतल्या साध्या उष्णतेने ती ऊर्जा तासन्‌तास हळूहळू सुटत राहते. इतक्या अल्प मिश्रणाने केवढा फरक पडतो, हे पहाटे चार वाजता पायऱ्यांची कड स्पष्ट दिसली तेव्हा मनापासून पटले. निळी पट्टीही मिळते, पण आम्हाला ती फिकी वाटली. हा पदार्थ पाण्याने बिघडतो, म्हणून आमच्याकडच्या पावसात वरचे प्लास्टिकचे आवरण शाबूत राहणे फार महत्त्वाचे आहे. एका तुकड्याची कड उचकटली आणि महिन्याभरात तिथली चमक गेली. उघड्या अंगणासाठी ती घेऊ नये. घरातील जिन्यासाठी जरूर घ्यावी, फक्त दिवसा भरपूर उजेड पडेल अशीच जागा निवडावी.